घरासाठी वाय-फाय राउटर निवडताना: आधी लाइन, मग भिंती, खोका सगळ्यात शेवटी

राउटरची खरेदी बहुतेक वेळा खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा पाहून होते: एसी१२००, एएक्स१५००, एएक्स३०००. घरातलं इंटरनेट मंद असण्याचं कारण मात्र त्या आकड्यात क्वचितच सापडतं. लाइन घरात कुठे येते, तिथून आतल्या खोलीपर्यंत कसल्या भिंती आहेत आणि राउटरच्या मागचे पोर्ट किती वेगाचे आहेत, यावर जवळजवळ सगळं ठरतं. म्हणून हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे. क्रम पाळला तर कित्येक घरांत नवा राउटर घ्यायची वेळच येत नाही, आहे तोच डबा योग्य जागी हलवून काम होतं.

लाइन वायर लावून मोजा

वाय-फायवर स्पीड टेस्ट करून लाइनबद्दल काहीच कळत नाही, कारण त्यात लाइन आणि हवा दोन्हींचा दोष मिसळलेला असतो. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, कंपनीने दिलेल्या डब्याच्या लॅन पोर्टमधून वायर थेट लॅपटॉपला लावा आणि दोनदा मोजा: एकदा सकाळी लवकर, एकदा रात्री नऊ-दहाच्या सुमारास. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबीचा लॅन अ‍ॅडॉप्टर चालतो, पण तो गिगाबिट हवा. साधा अ‍ॅडॉप्टर १०० एमबीपीएसच्या वर जात नाही आणि निष्कर्ष चुकतो.

आता आकडा वाचा. १०० चा प्लॅन आणि ९४-९५ मिळतात, तर सगळं ठीक आहे. २०० किंवा ३०० चा प्लॅन आणि आकडा दर वेळी ९४ च्या आसपासच अडतो, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा दुवा आहे. तो एखादा जुना पोर्ट असू शकतो, पण बऱ्याचदा दोष साध्या वायरचा असतो. गिगाबिट जोडणीला लॅन वायरमधल्या आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला फक्त चार. उरलेल्या चारांपैकी एक तार तुटली किंवा प्लगमध्ये नीट दाबली गेली नाही, तर जोडणी बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरते. म्हणून काहीही विकत घेण्याआधी दुसरी वायर लावून पुन्हा मोजा.

वायरवरही वेग पडत असेल तर राउटर बदलून एक एमबीपीएससुद्धा वाढणार नाही. फायबरची लाइन असेल तर डब्याच्या सेटिंगच्या पानावर प्रकाशाची ताकद दिसते, तिला ऑप्टिकल पॉवर किंवा आरएक्स पॉवर म्हणतात. ती उणे १५ ते उणे २५ डीबीएम असेल तर लाइन निरोगी आहे. उणे २७ च्या खाली गेली की लाइन तुटत-जुळत राहते आणि लाल दिवा लुकलुकू लागतो. कारण बहुधा घरातच असतं: फायबर खिडकीच्या चौकटीत चेपलेली, दाराच्या कोपऱ्यात काटकोनात वळवलेली किंवा हिरव्या प्लगच्या टोकावर धूळ बसलेली. फायबरचा वळसा वाटीच्या काठाएवढा तरी मोठा ठेवावा. हा आकडा लिहून घ्या आणि तक्रार करताना सांगा, टेक्निशियन लवकर मुद्द्यावर येतो.

लाइन कोणत्या जातीची आहे, त्यावर राउटर ठरतो

फायबर थेट घरात येऊन एका डब्याला लागत असेल, तर तो डबा म्हणजे ओएनटी. हल्लीचे ओएनटी स्वतःच वाय-फाय देतात. वाय-फायचे नेहमीचे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, दोन: २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. आधी डबा एकाच बँडचा आहे की दोन, हे पाहा. फक्त २.४ गिगाहर्ट्झ देणारा जुना डबा असेल तर प्लॅन १५० चा असो की ३०० चा, फोनवर ४०-५० च्या पुढे जाणं कठीण. अशा वेळी दुकानात जाण्याआधी कंपनीकडे दोन बँडचा डबा मागा. बऱ्याच कंपन्या तो विनामूल्य किंवा अनामत रकमेवर बदलून देतात.

इथे एक महागात पडणारी चूक होते. ऑनलाइन दुकानांत 'एक्सपॉन राउटर' नावाचे डबे मिळतात, त्यांत ओएनटी आणि वाय-फाय एकत्र असतं. फायबर त्यात खोचली म्हणून इंटरनेट सुरू होत नाही. डब्याचा अनुक्रमांक ऑपरेटरने आपल्या यंत्रणेत नोंदवावा लागतो, आणि मोठ्या कंपन्या ग्राहकाचा डबा सहसा नोंदवत नाहीत. त्यात ऑपरेटरची यंत्रणा जीपॉन आहे की ईपॉन (फायबरवरून इंटरनेट देण्याच्या दोन पद्धती) हेही जुळावं लागतं. प्लगचा रंगसुद्धा महत्त्वाचा आहे: हिरव्या प्लगचं टोक तिरकं घासलेलं असतं आणि निळ्याचं सरळ. हिरवा प्लग निळ्या सॉकेटात बसतो, पण प्रकाश वाया जातो. स्थानिक केबलवाल्याने 'आणा, मी नोंदवून देतो' असं स्वतः सांगितलं असेल तरच असा डबा घ्यावा. एरवी ओएनटी त्यांचा आणि राउटर आपला, ही विभागणी उत्तम.

दुसरी जात म्हणजे इमारतीतल्या स्विचमधून किंवा गच्चीवरून आलेली साधी लॅन वायर. तिला वॅन पोर्टचा, म्हणजे बाहेरची लाइन लावायचा वेगळा लॅन सॉकेट असलेला, राउटर लागतो. घरात पडलेला जुना टेलिफोन लाइनचा एडीएसएल मोडेम इथे कामाचा नाही, त्याचा मुख्य पोर्ट टेलिफोनच्या छोट्या प्लगसाठी असतो. राउटर बदलण्यापूर्वी पीपीपीओईचं, म्हणजे ऑपरेटरकडे लॉग-इन करायचं, युजरनेम आणि पासवर्ड ऑपरेटरकडून लिहून घ्या. जुना राउटर रिसेट केल्यावर ते आठवत नाही आणि रविवारी संध्याकाळी ऑपरेटर फोन उचलत नाही. सगळं बरोबर भरूनही जोडणी होत नसेल तर बहुधा ऑपरेटरने जुन्या राउटरचा मॅक पत्ता (प्रत्येक यंत्राची स्वतःची ओळख) बांधून ठेवलेला असतो. तो त्याच्याकडून सोडवून घ्या किंवा नव्या राउटरमध्ये 'मॅक क्लोन' वापरून जुन्याचा पत्ता द्या.

गच्चीवरून येणाऱ्या तांब्याच्या वायरीला विजेचा मोठा धोका आहे. वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात जवळपास वीज पडली की दोन इमारतींमध्ये ताणलेल्या वायरीत झटका येतो आणि राउटरचा वॅन पोर्ट जळतो, कधी त्यामागचा टीव्हीही. ढग गडगडू लागले की ती वायर राउटरमधून काढून ठेवावी, आणि ऑपरेटरकडे शेवटचा टप्पा फायबरने देण्याचा आग्रह धरावा. काचेच्या तंतूतून झटका येत नाही.

जिथे वायर पोचतच नाही तिथे सिमचा ४जी-५जी राउटर किंवा एअरफायबरसारखी सेवा असते. तिच्यात यश बाहेरच्या अँटेनाच्या जागेवर अवलंबून आहे. घरातल्या वाय-फायचे पुढचे सगळे नियम तिलाही लागू आहेत.

किती वेग खरंच लागतो

४के चित्रपटाला १५ ते २५ एमबीपीएस, एका चांगल्या व्हिडिओ कॉलला ३-४, आणि घराबाहेरून पाहायच्या प्रत्येक सीसीटीव्ही कॅमेऱ्याला १ ते २ एमबीपीएस, तेही अपलोडचे. चार माणसांच्या घराला १०० चा प्लॅन पुरतो. तो आतल्या खोलीपर्यंत १०० च राहतो का, हा खरा प्रश्न.

भिंती

वाय-फायची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो. उणे ५० उत्तम, उणे ६० चांगला. व्हिडिओ कॉल न अडकता चालायला उणे ६७ च्या आत राहावं लागतं. उणे ७० ला पानं हळू उघडतात आणि उणे ८० ला जोडणी नावापुरती उरते. दर १० डीबीला ताकद दहावा हिस्सा होते, म्हणून हे आकडे दिसतात त्यापेक्षा फार दूर-दूर आहेत.

आता भिंत मध्ये आणा. ५ गिगाहर्ट्झवर साडेचार इंची विटांची भिंत अंदाजे ४ ते ६ डीबी खाते, नऊ इंची ८ ते १२, आणि सहा इंची आरसीसीची भिंत १५ ते २५. सिपोरेक्सचे ब्लॉक हलके असल्याने विटांपेक्षा कमी त्रास देतात. राउटरच्या खोलीत दोन-तीन मीटरवर उणे ४० मिळत असतील, तर दोन नऊ इंची भिंतींपलीकडे उणे ६५ च्या आसपास उरतात आणि काम भागतं. दोन आरसीसी भिंतींपलीकडे मात्र उणे ८० आणि त्याखाली. राउटर तोच, घर बदललं.

म्हणूनच मुंबई, ठाणे, पुण्यातल्या नव्या टॉवरमधले रहिवासी हैराण असतात. तिथे मिवान पद्धतीचं बांधकाम असतं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र काँक्रीटमध्ये ओततात. आतली विभाजक भिंतही सळईची. साडेसहाशे चौरस फुटांच्या अशा फ्लॅटमध्ये एक राउटर कमी पडतो, आणि जुन्या विटांच्या चाळीतल्या किंवा सोसायटीतल्या तेवढ्याच जागेत स्वस्तातला राउटर पुरून उरतो. पुण्यातल्या वाड्यांच्या दगडी भिंती आणि कोकण-गोव्यातल्या जांभ्या चिऱ्याच्या भिंती जाड असतात. पावसाळ्यात चिरा पाणी धरतो आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त खाते, त्यामुळे उन्हाळ्यात चालणारी खोली श्रावणात अडखळते.

भिंतीइतकेच नुकसान करणारे काही अडथळे आपण स्वतः ठेवतो: लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी, माशांचं टँक. राउटर आणि पलंग यांना जोडणारी सरळ रेषा मनात काढा आणि तिच्यावर काय-काय येतं ते पाहा.

हे सगळं तासाभरात मोजता येतं. अँड्रॉइड फोनवर वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारचं कोणतंही अ‍ॅप टाका, फक्त ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा आणि प्रत्येक खोलीत, जिथे फोन खरंच वापरता तिथे, अर्धा मिनिट थांबून आकडा कागदावर लिहा. दारं लावून लिहा, कारण रात्री ती लावलेलीच असतात. आयफोनवर ॲपलच्या एअरपोर्ट युटिलिटी अ‍ॅपमध्ये वाय-फाय स्कॅनर सुरू करता येतो, त्याची परवानगी फोनच्या सेटिंगमध्ये द्यावी लागते.

आकडे हातात आले की आधी जागा बदलून पाहा. बहुतेक फ्लॅटमध्ये फायबर मुख्य दाराशी किंवा हॉलच्या टीव्हीमागे येते आणि डबा तिथेच, टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात किंवा चपलांच्या कपाटावर बसतो. राउटर घराच्या मध्याजवळ, उघड्यावर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर हवा. ओएनटीच हलवायचा असेल तर दोन्ही टोकांना हिरवे प्लग असलेली तयार पॅच कॉर्ड आणि एक कपलर लागतो. या जोडावर अर्ध्या डीबीच्या आसपासच प्रकाश जातो, आणि आरएक्स पॉवर उणे २४-२५ च्या वर असेल तर तो परवडतो. नाहीतर ओएनटी तिथेच ठेवा आणि लॅन वायर मध्यापर्यंत न्या.

उभी अँटेना आडव्या दिशेत पसरते, वर-खाली कमी. दोन मजली घरात एक अँटेना उभी आणि एक आडवी ठेवून पाहावी. पण मधला स्लॅब आरसीसीचा असतो हे विसरू नका. रो-हाउसला वरच्या मजल्यावर दुसरा वाय-फाय लागतोच, हे आधीच धरून चाला.

खोक्यावरचा आकडा आणि मागचे पोर्ट

एसी१२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७, यांची गोळाबेरीज. एएक्स१५०० म्हणजे ३०० आणि १२०१. एएक्स१८०० म्हणजे ५७४ आणि १२०१. एएक्स३००० म्हणजे ५७४ आणि २४०२. एक फोन एका वेळी साधारणपणे एकाच बँडवर असतो, त्यामुळे बेरीज निरर्थक आहे. त्यातही हा हवेतला दुवा आहे, प्रत्यक्ष डाउनलोड त्याच्या साधारण ५०-६० टक्के धरावं. ८६७ च्या दुव्यावर राउटरच्या खोलीत ४५०-५०० मिळाले तर राउटर चोख काम करतो आहे.

अँटेनांची संख्या पाहून भुलू नका. चार दांड्यांचा एसी१२०० हासुद्धा बहुधा दोन प्रवाहांचाच, म्हणजे एका वेळी माहितीच्या दोनच समांतर वाटा देणारा, राउटर असतो आणि बहुतेक फोनही दोनच प्रवाहांचे असतात. 'हाय पॉवर' असं छापलेलं असलं तरी राउटरचा आवाज फोनपर्यंत पोचून भागत नाही, फोनचं उत्तरही परत यायला हवं, आणि फोनची ताकद राउटर बदलल्याने वाढत नाही.

पोर्ट मात्र नीट वाचा. पैसे वाया जाण्याचं सगळ्यात मोठं कारण इथे आहे. टीपी-लिंकचे आर्चर सी५० आणि आर्चर सी६ दोन्ही एसी१२०० वर्गातले, पण सी५० चे पोर्ट १०/१०० चे आहेत आणि सी६ चे गिगाबिट. ३०० एमबीपीएसच्या लाइनवर सी५० कितीही जवळ बसून वापरला तरी ९४ च्या पुढे जाणार नाही, कारण लाइन ज्या पोर्टमधून आत येते तोच अरुंद आहे. इतर कंपन्यांतही अशा जोड्या आहेत. स्पेसिफिकेशनमध्ये वॅन पोर्टसमोर '१०/१००/१०००' किंवा 'गिगाबिट' हे शब्द दिसल्याशिवाय घेऊ नये, आज प्लॅन ४० चा असला तरी.

पिढीबद्दल थोडक्यात. वाय-फाय ४ फक्त सुट्या स्मार्ट प्लगपुरतं ठेवा. वाय-फाय ५ चा गिगाबिट राउटर छोट्या घराला अजूनही पुरतो. नवा घ्यायचा असेल तर वाय-फाय ६, एएक्स१५०० किंवा एएक्स१८००, हा आजचा समजूतदार पर्याय आहे. त्याचा खरा फायदा वेगापेक्षा गर्दीत दिसतो. दहा-पंधरा उपकरणं एकदम बोलत असताना प्रत्येकाचा वाटा वेळच्या वेळी मिळतो, आणि व्हिडिओ कॉल कमी अडकतो.

एएक्स३००० चा मोठा आकडा १६० मेगाहर्ट्झ रुंदीमुळे येतो. ती रुंदी मिळवायला राउटरला बहुधा ५२ ते ६४ हे चॅनलही घ्यावे लागतात, आणि ते रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. रडारचा संकेत दिसला की राउटरने ती जागा सोडायची असा नियम आहे. तो चॅनल बदलतो आणि सगळ्यांचे कॉल तुटतात. विमानतळ, हवाई दलाचा तळ किंवा हवामान रडार जवळ असेल तर हे वारंवार घडतं. मुंबईतल्या वेरावलीचं हवामान रडार सी-बँडचं, म्हणजे ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारं आहे. त्या भागात राउटर १०० च्या वरच्या रडार-चॅनलवर ठेवू नये. तुमचा फोन १६० मेगाहर्ट्झ पेलत नसेल तर एएक्स३००० चा जादा पैसा तसाही पडून राहतो.

वाय-फाय ६ई आणि ७ ची खरी गंमत ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे. भारतात ५ गिगाहर्ट्झचे पट्टे २०१८ मध्ये परवानामुक्त झाले. ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागासाठी, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झसाठी, दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये मसुदा नियम काढले आणि जानेवारी २०२६ मध्ये तो भागही परवानामुक्त झाला. हा बदल ताजा आहे, म्हणून महाग राउटर घेताना त्याच्या भारतीय आवृत्तीत ६ गिगाहर्ट्झ चालू आहे का, हे विचारूनच घ्या. काही 'वाय-फाय ७' राउटरांत तो बँड मुळातच नसतो. शिवाय हा बँड भिंतींपुढे ५ गिगाहर्ट्झपेक्षाही दुबळा आहे. मिवानच्या फ्लॅटमध्ये एक महाग राउटर घेण्यापेक्षा दोन साधे घेणं केव्हाही चांगलं.

एक पुरेल की दोन हवेत

कागदावरचे आकडे काढा. राउटर मध्यावर ठेवूनही एखादी वापराची खोली उणे ७० च्या खाली असेल, तर नव्या एकट्या राउटरने ती सुधारणार नाही. तिथे दुसरा वाय-फाय हवा. तो तीन प्रकारे देता येतो.

स्वस्तातला भिंतीला खोचायचा एक्स्टेंडर शेवटचा पर्याय समजा. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्मा होतो. वायरशिवायचा मेश संच (मिळून एकच नेटवर्क देणारे दोन-तीन डबे) बरा, पण दोन बँडच्या मेशमध्येही तीच वाटणी होते. त्याचा दुसरा डबा संकेत न पोचणाऱ्या खोलीत ठेवू नका, त्याला स्वतःलाच तिथे काही ऐकू येत नाही. तो पहिला डबा आणि ती खोली यांच्या मध्ये, जिथे पहिल्याचा संकेत उणे ६० ते ६५ आहे, तिथे ठेवावा.

तिसरा पर्याय, लॅन वायर, सगळ्यांत चांगला आहे आणि लोक त्याला उगाच घाबरतात. हॉलपासून बेडरूमपर्यंत १०-१५ मीटर वायर लागते. कॅट ६ घ्या, कॅट ५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते. वायर शुद्ध तांब्याची हवी. स्वस्त वायरीत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. एक तार ब्लेडने खरवडा, आत चांदीसारखी पांढरी दिसली तर परत करा. ती वाकवली की तुटते आणि मग वर सांगितलेला १०० वर उतरण्याचा प्रकार घडतो.

वाट शोधताना टीव्हीच्या जुन्या केबलची किंवा लँडलाइनची कन्सिल्ड पाइप पाहा. ती केबल आता वापरात नसते आणि तिलाच नवी वायर बांधून ओढून घेता येते. लाइटच्या वायरिंगच्या पाइपातून लॅन वायर कधीही नेऊ नका: धोका आहे आणि व्यत्ययही येतो. पाइप नसेल तर स्कर्टिंगवरून पांढरी केसिंग पट्टी मारून घ्या. प्लग स्वतः दाबणार असाल तर दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. प्लगची खिट्टी खाली आणि सोनेरी पट्ट्या वर ठेवल्यावर हा क्रम डावीकडून उजवीकडे येतो.

वायरच्या टोकाला मेशचा डबा लावा किंवा कोणताही गिगाबिट राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये लावा. जुना दोन बँडचा राउटर पडून असेल तर तोही चालतो.

कंपनीच्या डब्याला आपला राउटर जोडणं

बहुतेक घरांना अ‍ॅक्सेस पॉइंट मोड पुरतो. त्यात पत्ते वाटण्याचं काम ओएनटीकडेच राहतं आणि आपला राउटर फक्त वाय-फाय देतो. आधी राउटर एकटाच लॅपटॉपला जोडून मोड बदला, नाव आणि पासवर्ड घाला, मग ओएनटीच्या लॅन पोर्टमधून वायर राउटरच्या वॅन पोर्टला लावा आणि शेवटी ओएनटीचं स्वतःचं वाय-फाय बंद करा. ते चालू ठेवलं तर शेजारी ठेवलेले दोन डबे एकमेकांवर बोलत राहतात आणि फोन कमजोर डब्याला चिकटून बसतो. राउटरमध्ये हा मोडच नसेल तर त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२५० असा ओएनटीच्याच मालिकेतला ठेवा, डीएचसीपी (पत्ते वाटण्याचं काम) बंद करा आणि वायर वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये लावा.

मुलांच्या फोनवर वेळेची मर्यादा घालायची आहे, पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं ठेवायचं आहे, तर राउटर मोड लागेल. तेव्हा दोन्हींचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर नव्याचा बदलून १९२.१६८.२.१ करा, नाहीतर दोघे भांडतात आणि काहीच उघडत नाही. या रचनेत पत्त्यांचं भाषांतर दोनदा होतं. ब्राउझिंग, व्हिडिओ यांना काही फरक पडत नाही. काही गेम आणि बाहेरून पाहायचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) मात्र अडतात. उपाय म्हणजे कंपनीकडून ओएनटी ब्रिज मोडमध्ये करून घेणं, म्हणजे तो फक्त लाइन पुढे देतो आणि राउटरचं काम आपला राउटर करतो, पण काही कंपन्या ते करत नाहीत. लँडलाइन आणि सेट-टॉप बॉक्स ओएनटीवर असतील तर ब्रिजमुळे त्यांचं काय होईल, हे आधी विचारा. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतला दिसत असेल तर ऑपरेटरनेच एक पत्ता अनेक घरांत वाटला आहे. तिथे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून घरातल्या यंत्रापर्यंत वाट उघडणं) कितीही करा, चालणार नाही. स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा कायमचा पत्ता, विकत घ्यावा लागेल.

वीज आणि उष्णता

लोडशेडिंग असलेल्या गावात राउटरइतकाच त्याचा बॅकअप महत्त्वाचा आहे. घरात इन्व्हर्टर असेल आणि वीज जाताच राउटर रिस्टार्ट होत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागचा स्विच यूपीएस मोडवर आहे का ते पाहा. इन्व्हर्टर नसेल तर डीसी मिनी यूपीएस घ्या, पण दोन्ही डब्यांसाठी: ओएनटी बंद पडला तर राउटर चालू असून उपयोग नाही. अ‍ॅडॉप्टरवरचा व्होल्टेज वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे. ९ व्होल्टच्या राउटरला १२ दिले तर तो जळू शकतो. पिनही ५.५ मिलीमीटर बाहेरून सारख्या दिसतात, आतून २.१ किंवा २.५ असतात.

मिनी यूपीएसवर लिहिलेले ८००० एमएएच हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात, १२ व्होल्टचे नव्हेत. हिशेब असा: ८ गुणिले ३.७ म्हणजे सुमारे ३० वॉट-तास, रूपांतरात घट धरून २५. ओएनटी आणि राउटर मिळून १२ ते १५ वॉट घेतात, म्हणजे जेमतेम दोन तास. तीन तासांचं भारनियमन असेल तर मोठा घ्या. इमारतीत लॅन वायरने इंटरनेट येत असेल तर जिन्यातल्या स्विचलाही बॅकअप हवा, तो नसेल तर घरातला यूपीएस व्यर्थ. फायबरच्या जीपॉन लाइनीत मधल्या वाटेवर वीज लागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनतात. विदर्भातल्या मे महिन्यात बंद कप्प्यातलं तापमान ते सहज ओलांडतं आणि दुपारी वाय-फाय सारखं तुटू लागतं. भिंतीला टांगा, वर-खाली हवा खेळू द्या, एका डब्यावर दुसरा ठेवू नका.

पहिल्या दिवसाच्या सेटिंग

राउटरच्या पानाचा प्रशासकाचा पासवर्ड बदला, तो वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा. फर्मवेअर अपडेट करा. सुरक्षा डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवा, नुसतं डब्ल्यूपीए३ केलं तर जुना प्रिंटर आणि टीव्ही जोडले जात नाहीत. डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा. २.४ गिगाहर्ट्झची रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांनी कमी वापरलेला. मधला ३ किंवा ८ निवडला तर दोन्हीकडच्यांचा त्रास होतो. ५ गिगाहर्ट्झची रुंदी ८० आणि चॅनल ३६ किंवा १४९, दोन्ही दोन-दोन दिवस वापरून पाहा. स्मार्ट प्लग, गीझरचा स्विच यांसारखी उपकरणं फक्त २.४ वर चालतात. दोन्ही बँडचं नाव एकच असल्याने ती जोडली जात नसतील तर जोडणीपुरता ५ गिगाहर्ट्झ बंद करा. कॅमेरे आणि टीव्ही पाहुण्यांच्या नेटवर्कवर टाकलेले बरे.

परत करण्याची मुदत संपण्याआधी

बिल भारतातल्या वॉरंटीचं आहे ना, ते घेतानाच पाहा. मग मुदतीच्या आत तीन गोष्टी तपासा. नव्या राउटरच्या लॅन पोर्टवरून वायरने मोजलेला वेग ओएनटीवरच्या वेगाएवढाच आहे का. कमी असेल तर पोर्ट किंवा वायर. त्याच खोलीत दोन-तीन मीटरवर ५ गिगाहर्ट्झचा फोनवर दिसणारा लिंक स्पीड ८६७ किंवा १२०१ पर्यंत जातो का. ४३३ वरच थांबला तर फोन एका प्रवाहाचा आहे की राउटर, हे दुसऱ्या फोनने ठरवा. आणि आधी लिहिलेल्या कागदावर, त्याच जागी, त्याच बंद दारांआड, नवे आकडे जुन्यांशेजारी लिहा. ज्या खोलीसाठी राउटर घेतला तिथे ५ डीबीचाही फरक नसेल, तर तो परत करा आणि त्या पैशांत वायर ओढून घ्या.